मूत्राशयाच्या गाठीतील थायमिडीन कायनेज: क्रियाशीलता कशी मोजावी आणि आकड्याचा अर्थ कसा लावावा

मूत्राशयाच्या कर्करोगाचे निदान होते त्या वेळी साधारण चारांपैकी तिघा रुग्णांत गाठ स्नायूच्या थरापर्यंत पोहोचलेली नसते आणि ती मूत्रमार्गातून दुर्बीण घालून खरवडून काढता येते. खरी काळजी त्यानंतर सुरू होते, कारण या गाठी पुन्हा उगवतात आणि थोड्या रुग्णांत पुढच्या वेळी त्या स्नायूत शिरलेल्या आढळतात. कोणाची गाठ परत येईल याचा अंदाज बांधण्यासाठी ईओआरटीसी या युरोपीय संस्थेची जी कोष्टके २००६ साली प्रसिद्ध झाली, त्यांत सहा बाबींना गुण दिले जातात: गाठींची संख्या, सर्वांत मोठ्या गाठीचा आकार, यापूर्वी गाठ किती वेळा परत आली, टी-श्रेणी (गाठ भिंतीत किती खोल गेली आहे), सोबत कार्सिनोमा इन सिटू (अस्तरातच सपाट पसरलेला कर्करोग) आहे की नाही, आणि ग्रेड (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात). पेशी किती वेगाने विभागत आहेत हे या सहांपैकी एकही बाब थेट मोजत नाही. ग्रेड ठरवताना विभाजनाच्या अवस्थेतील पेशी पाहिल्या जातात हे खरे. परंतु एकाच काचपट्टीला दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्ट वेगवेगळा ग्रेड देऊ शकतात, आणि ते कोणालाही नवीन नाही.

विभाजनाचा वेग आकड्यात पकडण्याचा एक जुना आणि अजूनही उपयोगी मार्ग म्हणजे डीएनए तयार करण्याच्या कामी लागणाऱ्या एखाद्या एन्झाइमची क्रियाशीलता गाठीच्या अर्कात मोजणे. जीवरसायनशास्त्र किंवा पॅथॉलॉजीत पदव्युत्तर अथवा पीएच.डी.चे काम करणाऱ्या आणि ही चाचणी आपल्या प्रयोगशाळेत उभी करू पाहणाऱ्या वाचकांसाठी पुढील मार्गदर्शन आहे. चाचणीची रसायने सोपी आहेत. जो आकडा हाती येतो तो खरोखर गाठीच्या पेशींचाच आहे आणि हव्या त्याच एन्झाइमचा आहे, याची खात्री करणे हेच यातले मुख्य काम, आणि बहुतेक श्रम तिथेच खर्च करावेत असे माझे मत आहे.

कोणते एन्झाइम निवडावे

वेगाने वाढणाऱ्या ऊतीत अनेक एन्झाइमे वाढलेली दिसतात, परंतु त्यांतील प्रत्येक एन्झाइम विभाजनाचे माप म्हणून चालत नाही. ऑर्निथिन डीकार्बोक्झिलेज हे पॉलीअमाइनांच्या निर्मितीतले पहिले एन्झाइम विभाजनाशी जोडलेले आहे, पण पेशीत त्याचे अर्धायु जेमतेम १० ते ३० मिनिटांचे असते. शस्त्रक्रियागृहातून तुकडा प्रयोगशाळेत येईपर्यंत किती उरले आणि किती गेले हे सांगणे अवघड होते. टेलोमरेज मूत्राशयाच्या बहुसंख्य गाठींत सक्रिय असते आणि १९९४ साली आलेल्या ट्रॅप या चाचणीपद्धतीमुळे ते लघवीतल्या पेशींतही शोधता येऊ लागले. मात्र पेशीने अमर्याद विभागण्याची क्षमता मिळवली आहे एवढेच ते सांगते, आज ती किती वेगाने विभागते आहे हे सांगत नाही. लॅक्टेट डीहायड्रोजनेज ग्लुकोजच्या वापराशी बांधलेले आहे, त्यामुळे या कामासाठी ते बाजूला ठेवावे. थायमिडिलेट सिंथेज हा खरा प्रतिस्पर्धी आहे, आणि हात मोकळे असतील तर तेही सोबत मोजावे.

थायमिडीन कायनेज-१, म्हणजे टीके-१, निवडण्याचे कारण त्याच्या वेळापत्रकात आहे. हे एन्झाइम थायमिडीनला एटीपीवरून एक फॉस्फेट देऊन थायमिडीन मोनोफॉस्फेट बनवते, म्हणजे जुने थायमिडीन पुन्हा डीएनएच्या कामी लावते. विश्रांतीतील पेशीत ते जवळपास नसते. जी-१ ही नकलेपूर्वीची अवस्था संपून डीएनएची नक्कल सुरू होण्याच्या सुमारास ते झपाट्याने वाढते, एस (नकलेची) आणि जी-२ (नकलेनंतरची) या अवस्थांत भरपूर राहते आणि विभाजन संपताना त्याच्या शेपटाकडील एका खुणेमुळे मोडीत काढले जाते. मूत्राशयाच्या निरोगी अस्तरातील पेशी अनेक महिने टिकतात व क्वचितच विभागतात, त्यामुळे पार्श्वभूमी शांत असते आणि त्यावर गाठीतील वाढ उठून दिसते. आतड्याच्या अस्तरासारख्या सतत झिजणाऱ्या ऊतीत ही सोय मिळत नाही.

अडचण अशी की पेशीत थायमिडीन कायनेज दोन आहेत. टीके-२ मायटोकॉन्ड्रियात असते, ते मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएसाठी काम करते आणि पेशी विभागत असो वा नसो, त्याचे प्रमाण फारसे बदलत नाही. दोन्ही एन्झाइमे थायमिडीनवर तेच काम करतात, म्हणून कच्च्या अर्कातील एकूण क्रियाशीलता ही दोघांची बेरीज असते. जलद वाढणाऱ्या गाठीत टीके-१ चा वाटा इतका मोठा असतो की ही बेरीज चालून जाते. कमी ग्रेडच्या पीटीए (अस्तरापुरत्याच मर्यादित) गाठीत आणि निरोगी अस्तरात मात्र टीके-२ चा वाटा लक्षणीय असू शकतो, आणि नेमक्या याच खालच्या टोकाला फरक ओळखायचा असतो. दोघांना वेगळे करण्याची रीत पुढे दिली आहे.

तुकडा मिळवणे

कामाला हात घालण्यापूर्वी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती घ्यावी. भारतात त्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. त्यानंतरचा नियम तितकाच ठाम असावा: काढलेल्या गाठीवर पहिला हक्क निदानाचा. गाठ स्नायूत शिरली आहे का हे ठरवण्यासाठी पॅथॉलॉजिस्टला गाठीच्या तळातील स्नायू दिसणे आवश्यक असते, म्हणून संशोधनासाठीचा तुकडा गाठीच्या वरच्या, मूत्राशयाच्या पोकळीत आलेल्या भागातूनच घ्यावा आणि तळाला हात लावू नये. गाठ लहान असेल तर तुकडा मागूच नये.

खरवडून काढण्याच्या शस्त्रक्रियेत विजेवर तापलेली तारेची कडी वापरली जाते आणि तिच्या उष्णतेने कडेच्या पेशी भाजून निघतात. अशा भागातील प्रथिने गोठून बिघडलेली असतात व एन्झाइमची क्रियाशीलता तिथे नाहीशी झालेली असते. त्यामुळे शल्यविशारदांना आधीच भेटून, मुख्य शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी, विजेचा वापर न करता थंड चिमट्याने एक-दोन तुकडे घेण्याची विनंती करावी. हे जमत नसेल तर कडीने काढलेल्या पट्टीचा पांढुरका, आकसलेला काठ पात्याने कापून टाकावा आणि आतला मऊ, गुलाबीसर भाग घ्यावा. कोणत्या रीतीने तुकडा घेतला ते नोंदवहीत लिहावे, कारण दोन रीतींनी मिळालेले आकडे एकाच रकान्यात घालणे योग्य नव्हे.

तुकडा थंड सलाइनमध्ये हलकेच धुवावा. या धुण्यामुळे रक्त जाते आणि शस्त्रक्रियेत मूत्राशय भरण्यासाठी वापरलेला द्रवही जातो. टिपकागदावर टेकवून, वजन करून, खुणेच्या नळीत घालून तो तत्काळ द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवावा आणि नंतर उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवावा. गाठ निघाल्यापासून गोठेपर्यंत किती मिनिटे गेली हे प्रत्येक वेळी लिहावे. ही वेळ सगळ्या नमुन्यांत सारखी ठेवणे हे ती कमीत कमी ठेवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. काही नमुने दहा मिनिटांत आणि काही दीड तासात गोठले, तर नंतर दिसणारा फरक गाठींचा की वॉर्डबॉयच्या फेऱ्यांचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

गोठलेल्या तुकड्याच्या एका कडेचा पातळ काप घेऊन तो रंगवावा आणि पॅथॉलॉजिस्टकडून त्यात गाठीच्या पेशी किती टक्के आहेत, मृत भाग किती आहे आणि दाह किती आहे हे लिहून घ्यावे. हा टप्पा टाळण्याचा मोह होतो, परंतु त्यावाचून पुढचे सगळे आकडे निराधार ठरतात. दाहाचा मुद्दा मूत्राशयात विशेष महत्त्वाचा आहे. बीसीजी लस मूत्राशयात सोडण्याचे उपचार झालेल्या रुग्णाच्या अस्तरात लिम्फोसाइटांची गर्दी असते, आणि उद्दीपित झालेले लिम्फोसाइट स्वतः विभागत असल्याने त्यांच्यातही टीके-१ भरपूर असते. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी पुन्हा खरवडण्याची पद्धत आहे. त्या वेळी मिळणाऱ्या ऊतीत जखम भरून काढणारे अस्तर वेगाने वाढत असते. मूत्रसंसर्ग किंवा बराच काळ घातलेली नळी यांचेही असेच. असे नमुने अभ्यासातून वगळावेत किंवा त्यांचा गट वेगळा ठेवावा. मुख्य गटात ते मिसळू नयेत.

तुलनेसाठी त्याच रुग्णाच्या मूत्राशयातील दूरचा, निरोगी दिसणारा भाग घेण्याची प्रथा आहे. ती चांगली आहे, फक्त त्या भागाला ‘निरोगी’ असे लेबल लावू नये. धूम्रपान करणाऱ्या रुग्णाचे सगळे अस्तर वर्षानुवर्षे त्याच रसायनांच्या संपर्कात असते आणि डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या भागातही जनुकीय बदल असू शकतात. ‘गाठीपासून दूरचे अस्तर’ एवढेच लिहावे.

अर्क काढणे

पन्नास ते शंभर मिलिग्रॅम गोठलेली ऊती द्रवरूप नायट्रोजन घातलेल्या खलात कुटून पूड करावी. वितळू देऊ नये. ही पूड सुमारे पाचपट ते दहापट थंड बफरमध्ये घ्यावी: ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.६ ते ८.०, त्यात थोडे मॅग्नेशियम क्लोराइड, २ ते ५ मिलिमोलर डीटीटी (प्रथिनांचे ऑक्सिडेशन रोखणारे रसायन), १० ते २० टक्के ग्लिसरॉल आणि प्रथिने पचवणाऱ्या एन्झाइमांना रोखणारे मिश्रण. या मिश्रणात पीएमएसएफ हे अवरोधक वापरत असाल तर ते अगदी शेवटच्या क्षणी घालावे, कारण पाण्यात ते लवकर निकामी होते. बफरमध्ये २ ते ३ मिलिमोलर एटीपी ठेवणे शहाणपणाचे आहे. टीके-१ विरळ द्रावणात दोन उपघटकांच्या मंद रूपात जाते आणि एटीपीच्या सान्निध्यात चार उपघटकांच्या कार्यक्षम रूपात राहते. एटीपी नसलेल्या बफरमध्ये काढलेला अर्क आणि एटीपी असलेल्या बफरमधला अर्क यांचे आकडे जुळले नाहीत, तर कारण बहुधा हेच असते.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगण्यासारखी आहे. फॉस्फेट बफर वापरू नये. मूत्राशयाच्या गाठींत, विशेषतः आत शिरलेल्या गाठींत, थायमिडीन फॉस्फोरिलेज हे दुसरे एन्झाइम मोठ्या प्रमाणात असते. ते थायमिडीनचे थायमिन आणि डीऑक्सिरायबोज-१-फॉस्फेट असे तुकडे करते आणि त्यासाठी त्याला फॉस्फेट लागते. नावातील साधर्म्यामुळे विद्यार्थी या दोघांची गल्लत करतात, पण फॉस्फोरिलेज विभाजनाचा निर्देशक नाही. प्लेटलेटांतून मिळणारा, रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देणारा एक घटक म्हणून ते ओळखले जाते. चाचणीच्या नळीत ते कायनेजच्या तोंडचा घास पळवते. परिणामी सर्वांत आक्रमक गाठींतच टीके-१ चा आकडा खोटा कमी येतो, म्हणजे चूक नेमकी नको त्या बाजूला झुकते. ट्रिस बफर वापरला तरी अर्कातले स्वतःचे फॉस्फेट उरतेच, म्हणून काही नमुन्यांत पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने थायमिनचा ठिपका दिसतो का हे तपासावे. दिसल्यास टिपिरासिल हे या एन्झाइमचे ज्ञात अवरोधक घालून मापन पुन्हा करावे.

कुटलेले मिश्रण ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज करावे. अल्ट्रासेंट्रिफ्यूज असेल तर १,००,००० जी वर एक तास, नसेल तर २०,००० जी वर अर्धा तास फिरवून वरचा स्वच्छ द्रव घ्यावा. फिरवल्यामुळे मायटोकॉन्ड्रिया खाली बसले आणि टीके-२ ची पीडा गेली, असे मात्र समजू नये. गोठवताना मायटोकॉन्ड्रियांची आवरणे फुटतात आणि टीके-२ वरच्या द्रवात येते. नंतर हा द्रव लहान जेल-स्तंभातून गाळून त्यातील लहान रेणू काढून टाकावेत. ऊतीतले स्वतःचे थायमिडीन राहिले तर ते चाचणीत घालायच्या किरणोत्सारी खुणेच्या थायमिडीनला पातळ करते आणि थायमिडीन ट्रायफॉस्फेट राहिले तर ते एन्झाइमला थेट दाबते. दोन्ही कारणांनी आकडा घसरतो. स्तंभातील बफरमध्येही एटीपी असावे.

प्रथिनाचे मापन ब्रॅडफर्ड पद्धतीने करावे. डीटीटीमुळे लोरी आणि बीसीए पद्धती फसतात. ब्रॅडफर्डला डिटर्जंट चालत नाहीत, म्हणून अर्कात ते टाळावेत. रक्ताळलेल्या तुकड्यात हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन भागाकाराच्या छेदात (प्रथिनाच्या आकड्यात) मिसळतात आणि क्रियाशीलता विनाकारण कमी दिसते, म्हणून कुटलेल्या मिश्रणाचा एक थेंब बाजूला ठेवून त्यातील डीएनएही मोजावा आणि निकाल दोन्ही प्रकारे, प्रति मिलिग्रॅम प्रथिन आणि प्रति मायक्रोग्रॅम डीएनए, मांडावा. अर्काचे लहान भाग करून गोठवावेत आणि प्रत्येक भाग एकदाच वितळवावा.

अभिक्रिया

जुनी आणि आजही सर्वांत विश्वासार्ह रीत ट्रिशियमने (किरणोत्सारी हायड्रोजनने) खूण केलेल्या थायमिडीनची आहे. भारतात त्यासाठी प्रयोगशाळेला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. ट्रिशियमचा बीटा किरण इतका दुबळा असतो की गायगर काउंटर त्याची दखलच घेत नाही; त्यामुळे टेबल स्वच्छ आहे की नाही हे पाहण्यासाठी कागदाने पुसून तो कागद सिंटिलेशन काउंटरमध्ये मोजावा लागतो. यंत्र शांत आहे म्हणून सगळे ठीक आहे, असा समज इथे चालत नाही.

अभिक्रियेच्या मिश्रणात ५० मिलिमोलर ट्रिस, ५ मिलिमोलर एटीपी, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, डीटीटी, थोडे अल्ब्युमिन, १० मायक्रोमोलर खुणेचे थायमिडीन आणि १५ मिलिमोलर सोडियम फ्लोराइड असावे. फ्लोराइडचे काम अर्कातील फॉस्फेटेजांना आवरणे हे आहे. ते नसेल तर बनलेले मोनोफॉस्फेट मागच्या दाराने पुन्हा थायमिडीन होते. मिश्रण ३७ अंशांवर तापवून अर्क घालावा आणि ०, १०, २० व ३० मिनिटांनी दर वेळी १० मायक्रोलिटर काढून डीई-८१ कागदाच्या चकतीवर टाकावे. हा कागद धनभारित असतो. ऋणभारित मोनोफॉस्फेट त्याला धरून राहते आणि भाररहित थायमिडीन धुण्यात निघून जाते. चकत्या ५ मिलिमोलर अमोनियम फॉर्मेटच्या द्रावणात तीनदा, प्रत्येकी पाच मिनिटे, आणि नंतर एकदा पाण्यात धुवाव्यात. शून्य मिनिटाच्या चकतीवरील मोजणी जास्त येत असेल तर धुणे अपुरे आहे. धुतलेल्या चकत्या तशाच मोजण्याऐवजी त्यांवरील पदार्थ ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ०.२ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाने सोडवून घ्यावा, कारण ट्रिशियमचे किरण कागदाच्या तंतूंतच अडकतात आणि मोजणी दर चकतीला वेगळी येते.

प्रत्येक दिवशी काही नमुने सोबत असलेच पाहिजेत. एक नळी अर्काशिवाय, एक एटीपीशिवाय (यासाठी एटीपी काढून टाकलेला अर्क घ्यावा), आणि टी-२४ या मूत्राशयाच्या कर्करोगापासून मिळवलेल्या पेशींचा गोठवलेला अर्क, जो वर्षभर पुरेल इतका एकदाच करून ठेवावा. या अर्काचा रोजचा आकडा आलेखावर टाकत गेल्यास थायमिडीनची जुनी बाटली किंवा बिघडलेले पिपेट लगेच उघडे पडते. त्याशिवाय १४३बी या हाडाच्या कर्करोगाच्या पेशींचा टीके-१ नसलेला प्रकार मिळवावा. त्यांच्या अर्कात जे काही थायमिडीन फॉस्फेट बनते ते टीके-२ चे असते, आणि म्हणून दोन एन्झाइमे वेगळी करण्याची रीत त्यांच्यावर बेतता येते. डीऑक्सिसायटिडीन हे टीके-२ चे आवडते खाद्य आहे, टीके-१ त्याला हात लावत नाही. १४३बी च्या अर्कातील क्रियाशीलता जवळजवळ शून्यावर येईल इतके बिनखुणेचे डीऑक्सिसायटिडीन घालावे आणि ती मात्रा सर्व गाठींसाठी कायम करावी. हीच मात्रा टी-२४ च्या अर्कात घातल्यावर आकडा फारसा घसरता कामा नये. घसरला, तर अर्कातील डीअमिनेज त्याचे डीऑक्सियुरिडीन करत आहे, आणि ते टीके-१ चेही खाद्य आहे. अशा वेळी डीअमिनेज रोखणारे टेट्राहायड्रोयुरिडीन सोबत घालावे लागते.

मिसळणीची चाचणीही करावी. गाठीच्या अर्कात टी-२४ चा ठरावीक अर्क घालून येणारा आकडा दोघांच्या बेरजेइतका आला पाहिजे. कमी आला तर त्या गाठीच्या अर्कात काहीतरी अडथळा आणणारे आहे, आणि त्या गाठीचा ‘कमी’ निकाल कमी म्हणून नोंदवता येणार नाही.

किरणोत्सारी पदार्थ टाळायचे असतील तर मोनोफॉस्फेट एचपीएलसी या द्रव-क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर मोजता येते. बाजारात तयार संचही आहेत. त्यांतील एकात थायमिडीनऐवजी एझेडटी हा त्याच्यासारखाच रेणू वापरतात, आणि टीके-२ एझेडटीवर फारच थोडे काम करत असल्याने दोघांना वेगळे करण्याचा प्रश्न आपोआप सुटतो. हे संच रक्तातील टीके-१ साठी बनवलेले आहेत. त्यांपैकी डिव्हिट्यूम या संचाला अमेरिकेच्या एफडीएने २०२२ साली पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात वापरासाठी मान्यता दिली. रक्तासाठी ठरवलेल्या सीमारेषा ऊतीच्या अर्काला लावण्यात काहीच अर्थ नाही.

हिशेब

एक उदाहरण घेऊ. समजा अभिक्रिया ५० मायक्रोलिटरची आहे, म्हणजे १० मायक्रोमोलरच्या हिशेबाने तीत ५०० पिकोमोल थायमिडीन आहे आणि त्याच्यासोबत ०.५ मायक्रोक्युरी ट्रिशियम, म्हणजे मिनिटाला ११,१०,००० विघटने. एका पिकोमोलमागे २,२२० विघटने झाली. काउंटरची कार्यक्षमता ४० टक्के असेल तर एका पिकोमोलमागे ८८८ मोजण्या दिसतील. आता शून्य, दहा, वीस आणि तीस मिनिटांच्या चकत्यांवर ३००, १,१८८, २,०७६ आणि २,९६४ मोजण्या आल्या, तर रेषेचा चढ मिनिटाला ८८.८, म्हणजे ०.१ पिकोमोल. दर चकतीवरच्या १० मायक्रोलिटरमध्ये ४ मायक्रोग्रॅम प्रथिन असेल तर क्रियाशीलता मिनिटाला प्रति मिलिग्रॅम २५ पिकोमोल झाली. हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत.

तीस मिनिटांत १०० पैकी ३ पिकोमोल वापरले गेले, हेही याच हिशेबातून दिसते. हा वापर दहा टक्क्यांच्या आत राहायला हवा. त्यापुढे गेल्यास थायमिडीन कमी पडू लागते, रेषा वाकते आणि जलद वाढणाऱ्या गाठी मध्यम दिसू लागतात. अशा अर्काला पातळ करून पुन्हा मोजावे. प्रथिन दुप्पट केल्यावर चढ दुप्पट होतो का, हे पहिल्या काही गाठींत तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकाच वेळच्या एकाच चकतीवरून क्रियाशीलता काढण्याची सवय अनेक प्रयोगशाळांत आहे. वेळ वाचतो, पण वाकलेली रेषा कधीच दिसत नाही.

आकड्याचा अर्थ

गाठींचे आकडे एका बाजूला गोळा झालेले आणि दुसरीकडे लांब शेपूट असलेले मिळतात, म्हणून लॉग घेऊनच तुलना करावी. ग्रेड आणि टी-श्रेणीप्रमाणे गट करून पाहिल्यावर सरासरी चढत जाते, हे ठीक. तरीही गट एकमेकांत बरेच शिरलेले असतात, आणि चाचणीचा उपयोग असेल तर तो या शिरकावातच आहे. कमी ग्रेडच्या पण जास्त क्रियाशीलतेच्या गाठी पुढे लवकर परततात का, हा विचारण्याजोगा प्रश्न. जास्त ग्रेडच्या गाठीत क्रियाशीलता जास्त आहे हे पुन्हा एकदा सिद्ध करून कोणाच्या ज्ञानात भर पडत नाही.

शेजारच्या कापावर केआय-६७ हे विभागणाऱ्या पेशींतले प्रथिन रंगवून तुलना करावी. केआय-६७ चा शोध १९८३ साली जर्मनीतील कील येथे लागला. ते विश्रांतीतील पेशी सोडून बाकी सर्व अवस्थांत असते, तर टीके-१ मुख्यतः एस आणि जी-२ मध्ये. त्यामुळे दोन्हींची चाल सारखी असावी, आकडे जुळण्याची अपेक्षा नसावी. केआय-६७ जास्त आणि क्रियाशीलता कमी असेल तर आधी संशय तुकड्यावर घ्यावा: भाजलेला भाग, मृत ऊती, रक्त, किंवा फॉस्फोरिलेज. उलट, क्रियाशीलता जास्त आणि केआय-६७ कमी असेल तर दाह पाहावा, आणि दाह नसेल तर आणखी एक शक्यता उरते. टीके-१ ला एस अवस्थेपुरते बांधून ठेवणारी यंत्रणा कर्कपेशींत अनेकदा ढिली झालेली असते, विशेषतः विभाजनाला लगाम घालणारे पी-५३ हे जनुक निकामी असेल तेव्हा. आणि स्नायूत शिरलेल्या मूत्राशयाच्या गाठींत पी-५३ चे बदल नेहमीचे आहेत. अशा गाठीत वाढलेला आकडा विभाजनाच्या वेगाइतकाच तुटलेल्या कुलपाचाही असू शकतो. म्हणून शक्य असेल तिथे पी-५३ चीही स्थिती नोंदवावी आणि दोन्ही गटांचे विश्लेषण स्वतंत्र करावे.

अर्क हा संपूर्ण तुकड्याची सरासरी सांगतो, हेही विसरू नये. पॅथॉलॉजिस्ट केआय-६७ मोजताना सर्वांत दाट भाग निवडू शकतो. कुटलेल्या ऊतीत तो भाग विरघळून गेलेला असतो. मोठ्या गाठीतून दोन ठिकाणचे तुकडे घेऊन त्यांतील फरक किती आहे हे काही रुग्णांत तरी पाहावे, म्हणजे एका तुकड्याच्या आकड्यावर किती भार टाकायचा ते कळते.

जास्त आणि कमी यांच्यातील सीमारेषा स्वतःच्याच आकड्यांतून, निकाल सर्वांत चांगला दिसेल तिथे ओढण्याचा मोह फार मोठा असतो. अशी रेषा दुसऱ्या रुग्णालयाच्या रुग्णांत क्वचितच टिकते. आकडा अखंड ठेवावा, ईओआरटीसीच्या सहा बाबी सोबत धरून कॉक्स या संख्याशास्त्रीय पद्धतीने (गाठ परतेपर्यंतच्या काळाचे) विश्लेषण करावे आणि या बाबींच्या पलीकडे एन्झाइम काही नवे सांगते का, एवढेच पाहावे. ट्यूमर निर्देशकांच्या अभ्यासांसाठी २००५ साली आलेले रिमार्क हे निकष काम संपल्यावर वाचण्याऐवजी आराखडा करतानाच समोर ठेवावेत: किती रुग्ण घेतले, किती तुकडे अपुरे म्हणून टाकले आणि का, पाठपुरावा किती काळ झाला, आकडे काढणाऱ्याला निदान ठाऊक होते की नव्हते. अहवालात क्रियाशीलतेशेजारी तुकडा घेण्याची रीत, गोठेपर्यंतची मिनिटे, गाठीच्या पेशींची टक्केवारी, दाहाची नोंद, डीऑक्सिसायटिडीनसह व त्याविना आलेले दोन्ही आकडे आणि त्या दिवसाचा टी-२४ चा आकडा द्यावा. रुग्णाच्या केसपेपरवर हा निकाल जाऊ नये आणि बीसीजी द्यायची की मूत्राशय काढायचे या चर्चेत तो आणला जाऊ नये. तसे वचन संमतिपत्रात दिलेले असते आणि तेवढा आधार या आकड्याला अजून मिळालेला नाही.